उसनी कुऱ्हाड आणि खिशातले हत्यार

शास्त्रभाग : २ राजे ६:१-७, मत्तय ५:४२

गेल्या महिन्यात रविवारची उपासना आटोपून आम्ही मंदिराबाहेर उभे असताना शब्बाथशाळेतील एक तरुण शिक्षक माझ्याजवळ आला व म्हणाला, "काका, खिशात कायम राहील असं एखादं छोटं हत्यार घ्यायचं आहे. चाकू, कात्री, चिमटा, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकातच असतं, तसलं. तुम्हांला त्यातलं कळतं म्हणतात. कोणतं घेऊ?"

प्रश्न साधा होता. मी त्याला दोन-चार गोष्टी सांगितल्या व तो समाधानाने गेला. परंतु घरी आल्यावर माझ्या मनाला चैन पडेना. मी जे सांगितले ते कोणीही दुकानदार सांगू शकला असता. जे मला माझ्या स्वतःच्या चुकीतून कळले होते, ते मात्र मी सांगितले नव्हते. ते आज लिहितो. जवळ बाळगायची वस्तू कशी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा व सोयीचा आहे. परंतु थोडे खोल गेल्यास तो शेजारधर्माचा आहे, असे मला वाटते.

अशी वस्तू जवळ बाळगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. जुन्या पिढीतील शेतकरी व धनगर काटा काढण्याचा चिमटा कमरेला बाळगत. त्याच कडीत कानकोरणे व दातकोरणेही ओवलेले असे. आपल्या आया व आज्या यांचे हत्यार तर हातातच असे. माझ्या आईच्या बांगडीत तीन-चार सेफ्टी पिना नेहमी अडकवलेल्या असत. मंदिरात कोणाच्या पोराच्या चड्डीचे बटण तुटले, कोणा नवरीचा पदर सुटू लागला, कोणाच्या चपलेचा अंगठा निघाला, की आईचा हात बांगडीकडे जाई. दिलेली पिन परत आल्याचे मला आठवत नाही, आणि आईने ती परत मागितल्याचेही आठवत नाही. महिन्याच्या सामानाच्या यादीत चहा-साखरेच्या खाली 'पिना' हा शब्द मात्र नेमाने असे. या पिनेचे पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८४९ साली घेतले. पंधरा डॉलरांचे कर्ज डोक्यावर होते म्हणून त्याने तिचे सगळे हक्क चारशे डॉलरांना विकून टाकले. तेव्हापासून ती गरजू माणसाचीच वस्तू राहिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या तरुणांच्या तोंडी ज्याचे नाव असते त्या 'स्विस चाकू'ची हकिगतही गरजेचीच आहे. स्वित्झर्लंडच्या श्वीत्स प्रांतात ईबाख येथे कार्ल एल्सनर याने १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला. प्रांत गरीब होता. कामाच्या शोधात लोक परदेशी जात. आपल्या गावच्या माणसांना गावातच काम मिळावे, असा त्याचा हेतू होता. १८९१ साली त्याने स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. त्या चाकूत चारच गोष्टी होत्या : पाते, भोक पाडण्याची आरी, डबा उघडण्याचे साधन व स्क्रू ड्रायव्हर. डबा उघडावयाचा तो जेवणासाठी, आणि स्क्रू ड्रायव्हर बंदूक खोलून साफ करण्यासाठी. पुढे जर्मनीतील झोलिंगेनचे कारखानदार तसाच चाकू स्वस्तात देऊ लागले, तेव्हा एल्सनर कर्जात बुडाला. आप्तेष्टांनी हात दिला म्हणून तरला. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला. तोच पुढे जगभर गेला.

पक्कड असलेल्या हत्याराची गोष्टही अशीच. अमेरिकेतील टिम लेदरमन हा १९७५ साली पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोपात हिंडत होता. खिशात चाकू होता; परंतु गाडी वाटेत अडे, हॉटेलातील नळ गळे, आणि तेथे चाकूचे काम नव्हते, पक्कडीचे होते. ही अडचण मनात धरून त्याने घडण सुरू केली. १९८० साली त्याला पेटंट मिळाले व १९८३ साली पहिले हत्यार बाजारात आले. म्हणजे या माणसांना आधी अडचण भेटली व मग वस्तू तयार झाली. आपण पुष्कळदा उलट करतो. आधी वस्तू घेतो आणि मग तिच्यासाठी अडचण शोधत बसतो.

माझे तसेच झाले. काही वर्षांपूर्वी मस्कतला नोकरीस असलेल्या माझ्या मेहुण्याने मला असे एक पक्कडीचे हत्यार भेट दिले. वजन पाव किलोच्या आसपास. ते चामडी पाकिटात घालून पट्ट्याला लावावयाचे. मी ते रोज रात्री पुसून ठेवी, सांध्यांना तेलाचा थेंब देई. मंदिरात उपदेशास उभा राहतानाही ते माझ्या पट्ट्याला असे. मनाशी मी म्हणे, हे मंडळीच्या सेवेसाठी आहे. कोणास केव्हा काय लागेल, सांगता येत नाही.

त्या वर्षी शब्बाथशाळेची सहल बेळगावहून गोकाकच्या धबधब्याला गेली. घटप्रभा नदी तेथे सुमारे बावन्न मीटर उंचीवरून कोसळते. पावसाळा नुकताच सरला होता व पाणी भरपूर होते. भाताचे व रश्श्याचे टोप बसच्या टपावर तारेने करकचून बांधले होते. पोहोचलो तेव्हा मुले भुकेने कळवळली होती. बसचा क्लीनर, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, टप्पावर चढण्याच्या शिडीवरून भराभर वर गेला. तारेचा पीळ काही सुटेना. मी खालीच उभा होतो. त्याने वाकून मला विचारले, "सर, पक्कड हाय काय?"

मी म्हणालो, "नाही."

माझ्या हत्याराला पक्कड होती, व तिच्या बुडाशी तार कापण्याची धारही होती. तरी मी नाही म्हणालो. त्या क्षणी मनात काय आले ते लपवत नाही. लोखंडी तारेने धार जाईल. त्याच्या हातांना ग्रीस लागले आहे. टपावरून खाली पडले तर दगडावर आपटेल. एवढाच विचार आला, व जीभ बोलून गेली.

त्याने तार हातानेच ओढली. पीळ सुटला, पण तारेचे टोक त्याच्या तळहातात शिरले व रक्त आले. आमच्या एक शिक्षिका आपली ओढणी फाडू लागल्या, पण काठ फाटेना. कोणीतरी विचारले, "कात्री आहे का हो कोणाकडे?" माझ्या हत्यारात कात्रीही होती. परंतु 'नाही' म्हणून बसलेल्या माणसाला आता ती बाहेर काढता येईना. शेवटी बाईंनी काठ दातांनी तोडला व जखम बांधली. जखम फार खोल नव्हती. त्या मुलाने दुसऱ्या हाताने टोप उतरवून दिले व तो आमच्याच पंगतीत जेवला. जेवणाआधी आभाराची प्रार्थना मी केली.

रात्री बेळगावात बस रिकामी झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "अरे, दुपारी माझ्याजवळ पक्कड होती. मी खोटं बोललो. मला क्षमा कर."

तो म्हणाला, "बघितलं होतं की सर. पट्ट्याला होती. म्हणून तर तुम्हांलाच विचारलं." मी गप्प आहे असे पाहून त्यानेच मला सावरून घेतले. म्हणाला, "महाग असंल." आणि बादली घेऊन तो बस धुवावयास गेला.

प्रिय वाचकहो, खोटे बोलणे हे पाप आहे हे सांगण्यास शब्बाथशाळेतील लहान मूलही पुरे. परंतु त्या रात्री मला त्यामागचे आणखी एक पाप दिसले. पाळकसाहेबांनी पक्कड मागितली असती तर मी काय केले असते? मी स्वतः टपावर चढून तार कापली असती, आणि परत येताना चार जणांना ते हत्यार उघडून दाखवले असते. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला मानाची जागा देणाऱ्या मंडळीला दोष दिला आहे. त्या शास्त्रभागावर मी दोनदा उपदेश केला होता. आमच्या मंडळीत बसावयाच्या जागांवरून भेद नाही, याचा मला अभिमान होता. माझा भेद पट्ट्याच्या पाकिटात होता.

याच दिवसांत माझ्या वाचनात अलीशाची गोष्ट पुन्हा आली. संदेष्ट्यांच्या शिष्यांना राहावयास जागा अपुरी पडू लागली, म्हणून ते लाकडे तोडण्यास यार्देनेकाठी गेले. तोडता तोडता एकाच्या कुऱ्हाडीचे लोखंड निसटून पाण्यात पडले. तो कळवळून ओरडला, कारण कुऱ्हाड त्याची नव्हती. तो ती मागून आणली होती. अलीशाने पाण्यात लाकूड टाकले व लोखंड वर आले. आपण ही गोष्ट मुलांना शिकवतो ती चमत्कार म्हणून, व ते योग्यच आहे. परंतु या गोष्टीत आणखी एक मनुष्य आहे, ज्याचे नाव शास्त्रात नाही व ज्याच्याकडे आपण पाहत नाही. तो म्हणजे कुऱ्हाड उसनी देणारा.

लोखंडाची किंमत त्या काळी काय होती, याची कल्पना १ शमुवेल १३:१९-२२ वरून येते. शौलाच्या दिवसांत इस्राएलात लोहार नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावून घेण्यास पलिष्ट्यांकडे जावे लागे व त्याचे दाम मोजावे लागे. अलीशाचा काळ पुष्कळ नंतरचा, तरीही लोखंडी कुऱ्हाड ही गरिबाच्या घरी सहज असणारी वस्तू नव्हती. ज्या शिष्यांच्या पदरी स्वतःची कुऱ्हाडही नाही, अशांना कोणी तरी ती दिली. हे लोक अरण्यात जाणार, नदीकाठी लाकूड तोडणार, दांड्यातून लोखंड निसटू शकते, हे देणाऱ्याला कळत नव्हते काय? कळत असणार. तरी त्याने ती दिली. चमत्कार घडला तो त्याच्या त्या देण्यानंतर. त्याने 'नाही' म्हटले असते तर पाण्यात पडावयास लोखंडच नव्हते.

उसने मागणाऱ्याला पाठ दाखवू नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे (मत्तय ५:४२). हे वचन आपण पैशापुरते धरतो व पैसे जवळ नसले म्हणजे सुटलो असे समजतो. परंतु रोजच्या जीवनात लोक आपल्याकडे पैसे क्वचित मागतात. ते पेन मागतात, छत्री मागतात, सायकलचा पंप मागतात, पक्कड मागतात. आपली परीक्षा होते ती तेथे.

येथे कोणी न्यायाने विचारील, मग कारागिराने आपली हत्यारे वाटेल त्याला द्यावीत काय? आमच्या शेजारी एक वृद्ध सुतार राहतात. ते आपला रंधा व पटाशी कोणालाही देत नाहीत. मी त्यांना एकदा याविषयी विचारले. ते म्हणाले, "रंध्याचं पातं माझ्या हाताला बसलेलं असतं. ते दुसऱ्याच्या हातून बिघडलं तर माझी उद्याची मजुरी गेली. पण मला हाक मारा, मी येऊन काम करून देतो." मला वाटते, हे उत्तर शास्त्राला धरून आहे. अनुवाद २४:६ मध्ये जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ते त्या घराचे पोट आहे. पोटाचे हत्यार वेगळे व वाटेवरचे हत्यार वेगळे. पौल प्रेषित तंबू करणारा होता (प्रे. कृ. १८:३), त्यानेही आपली हत्यारे जपली असतीलच. शिवाय सुतारकाकांनी नकारात एक दार उघडे ठेवले आहे. वस्तू देत नसाल तर तिच्यासह आपला हात द्या. मीही त्या दिवशी टपावर चढू शकलो असतो. मी वस्तू दिली नाही व हातही दिला नाही.

आता पात्याविषयी. ख्रिस्ती मनुष्याने धारदार वस्तू जवळ बाळगावी काय, असा प्रश्न काही पालक विचारतात, व तो उडवून लावण्यासारखा नाही. गेथशेमाने बागेत पेत्राजवळ तरवार होती. ती त्याने उपसली व प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला (योहान १८:१०). प्रभूने तरवार म्यान करावयास सांगितली, व लूक सांगतो त्याप्रमाणे त्या दासाचा कान बरा केला. तोच पेत्र त्याच रात्री एका दासीला 'नाही' म्हणाला. त्याचे लोखंड नको तेव्हा बाहेर आले, माझे हवे तेव्हा आत राहिले. पण आम्हां दोघांचा 'नाही' सारखाच. भीतीपोटी जवळ ठेवलेले पाते आपल्या हाताला भीतीचीच सवय लावते. 'कोणी अंगावर आला तर असू दे' या विचाराने जो चाकू घेतो, त्याने तो घेऊ नये हे बरे. आंबा कापावयास, सुतळी तोडावयास, पाकीट उघडावयास बोटभर पाते पुरते.

म्हणून त्या तरुण शिक्षकाला व इतरांनाही माझी सूचना अशी :

१. दुकानात जाण्यापूर्वी महिनाभर खिशात एक कागद ठेवावा. स्वतःला किंवा शेजाऱ्याला जी अडचण आली ती त्यावर लिहावी. माझ्या कागदावर दोरा, पाकीट, बोटात गेलेली लाकडाची कुसळे, प्लगचा स्क्रू व डब्याचे झाकण एवढेच आले. मोठ्या पात्याची गरज एकदाही पडली नाही.

२. लहान घ्यावे. स्विस चाकूचा सर्वांत छोटा नेहमीचा प्रकार मिटल्यावर अठ्ठावन्न मिलिमीटर लांब असतो व वजन वीस ग्रॅमच्या आसपास. त्यात छोटे पाते, कात्री, नखांची कानस, तिच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर, चिमटा व दातकोरणे असते. तो किल्ल्यांबरोबर राहतो. मोठे हत्यार जड होते म्हणून ते नेमके गरजेच्या दिवशी घरी राहते.

३. शब्बाथशाळेच्या शिक्षकाने पात्यापेक्षा कात्री व चिमटा पाहून घ्यावे. कागदाची चित्रे कापणे व बोटातील कुसळ काढणे, ही त्याची रोजची कामे. मुलांच्या वर्गात उघडे पाते टेबलावर ठेवू नये. २००१ सालच्या अमेरिकेतील विमानहल्ल्यांनंतर विमानात जवळ चाकू नेण्यावर जगभर कडक बंदी आली. प्रवासात तो सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून सोपवावा. एल्सनरच्या वंशजांच्या कंपनीने तर पाते नसलेले हत्यार तयार करीत असल्याचे २०२४ साली जाहीर केले.

४. निगा राखावी. फळ कापल्यावर धुऊन कोरडे करावे, सांध्याला तेलाचा थेंब द्यावा, पात्याने स्क्रू फिरवू नये. आपल्याकडून मागून नेणाऱ्याच्या हाती स्वच्छ वस्तू जावी.

५. आणि किमतीविषयी. हरवले तर एक संध्याकाळ वाईट वाटेल, एवढ्याच किमतीचे घ्यावे. ज्याची किंमत आपल्या तोंडून 'नाही' वदवील, ते कितीही उत्तम पोलादाचे असले तरी आपल्या खिशाला जड आहे.

शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात (लूक १०) त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, जनावर होते, दोन दीनार होते. याजक व लेवी यांच्याजवळ काय होते ते प्रभूने सांगितले नाही. कदाचित त्यांच्याजवळ अधिकही असेल. शोमरोन्याचे तेल स्वतःच्या प्रवासासाठी होते, व ते दुसऱ्याच्या जखमेवर ओतताना त्याने बाटलीकडे पाहिले नाही. बाळगणे हा भाग सोपा आहे. तो पैशाने होतो. काढून देणे पैशाने होत नाही. त्यासाठी रोज प्रार्थना करावी लागते, निदान मला तरी करावी लागते.

ते मोठे हत्यार आता मंदिराच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असते. झाडलोट करणाऱ्या मावशींपासून पाळकसाहेबांपर्यंत ज्याला लागेल तो ते काढून नेतो. तारेची धार बोथट झाली आहे, एक स्क्रू ड्रायव्हर वाकला आहे. सुरुवातीला ते पाहून मला त्रास होई. माझ्या खिशात अठ्ठावन्न मिलिमीटरचे छोटे असते. तेही दुसरे. पहिले हुबळीच्या गाडीत एका बाईंनी मुलाच्या औषधाचे पाकीट कापण्यास मागून घेतले, आणि धारवाड आल्यावर त्या घाईने उतरल्या. मी खिडकीतून हाक मारणार होतो. मग आईची सामानाची यादी आठवली व गप्प बसलो.